शिव्या घालणारा मित्र कसा लिहायचा

१९९९ साली आलेल्या ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान’मध्ये वर्गातला एक प्रसंग आहे. ल्यूपिन हा शिक्षक आजारी, म्हणून त्याच्या तासाला स्नेप हा दुसरा शिक्षक आलाय. नरलांडगा (म्हणजे लांडगा होणारा माणूस) आणि खरा लांडगा यांच्यात फरक काय, असं तो विचारतो. वर्गात हात एकटीचाच वर, हर्मायनीचा. स्नेप तिच्याकडे बघतच नाही. शेवटी ती न विचारता बोलायला लागते, तेव्हा ‘असह्य शहाणी’ अशा अर्थाचं काहीतरी सुनावून तो पाच गुण कापतो. ती लाल होते, हात खाली घेते, डोळे भरून येतात. तिचा मित्र रॉन तिला हेच विशेषण आठवड्यातून किमान दोनदा ऐकवतो, असं लेखिका तिथेच सांगून ठेवते. तोच रॉन भर वर्गात मोठ्याने बोलतो: प्रश्न तुम्हीच विचारलात, तिला उत्तर येतंय, ऐकायचं नव्हतं तर विचारलंत कशाला? शिक्षा म्हणून त्याला दवाखान्यातली शौचपात्रं जादूशिवाय घासावी लागतात.

मित्राला येताजाता टोचणारं, पण परक्याने बोट लावलं की उसळून उठणारं पात्र कसं उभं करावं, हे शिकायला यापेक्षा स्वच्छ नमुना मला माहीत नाही. दहाबारा ओळींत सगळं आलंय. स्नेपच्या तोंडी शब्द रॉनचाच आहे. ‘ती तशी नाहीये’ असं रॉन म्हणत नाही, कारण त्याचं स्वतःचं मत तेच आहे. ‘ती माझी मैत्रीण आहे’ हेही तो म्हणत नाही. समोरच्याच्या वागण्यातली खोट तेवढी दाखवतो आणि त्याची किंमत मोजतो. शिवाय त्या दिवसांत तिच्या मांजरावरून आणि त्याच्या उंदरावरून दोघांचं वाजलेलं आहे. ते भांडण या प्रसंगाने मिटत नाही, पुढे उलट जास्तच चिघळतं.

अशा माणसाला आपण चटकन ‘फणसासारखा’ म्हणून मोकळे होतो. वरून काटे, आत गरे. लिहिणाऱ्याने ही उपमा डोक्यातून काढून टाकावी. फणसाचे काटे येईल त्या हाताला टोचतात. त्या जातीची पात्रं वेगळी, म्हणजे जगावरच चिडलेली, खवट, एकटी म्हातारी माणसं. आपण बोलतोय त्या पात्राच्या बोलण्याला दिशा असते. आतल्याशी एक भाषा, बाहेरच्याशी दुसरी, आणि मधे एक रेघ. लेखकाला दाखवायची असते ती ही रेघ. ती वाचकाला दिसली नाही, तर उरतो फक्त एक तोंडाळ माणूस, जो एका पानावर अचानक चांगला वागतो.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करायला रूढीची मुभा असते, काही ठिकाणी तर सक्ती असते, आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घ्यायची नसते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे मेहुणा-मेहुणी आणि दीर-भावजय यांच्यात हे रोज चालतं, आणि लग्नात रुखवतावर एकमेकांच्या घरांना काढलेले चिमटे त्यातलेच. त्या निबंधातला एक भेद कथालेखकाने पाठ करून ठेवावा असा आहे. काही थट्टा दुहेरी असते, दोघेही एकमेकांची करतात. काही एकेरी असते, एक करतो आणि दुसरा हसून घेतो. मैत्री लिहायची तर दुहेरी थट्टेपासून सुरुवात करावी. एकेरी लिहायची असेल, तर दुसऱ्याला ती का चालते याचं कारण कथेत कुठेतरी असायलाच हवं.

मराठीत ही रेघ ओढायची हत्यारं भाषेतच पडून आहेत, आणि पुष्कळ लेखक ती वापरतच नाहीत. पहिलं म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ऐकणाऱ्याला आत घेणारा ‘आपण’, बाहेर ठेवणारा ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, आपल्याकडे दोन. अख्ख्या कथेत पात्र ‘मी’ आणि ‘तू’ यांतच भांडत असेल, आणि परका आल्यावर पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘आम्ही’ बाहेर पडलं, तर बाजू घेण्याचं काम त्या एका सर्वनामाने होऊन जातं. वेगळं भाषण नको. त्यासाठी एक शिस्त मात्र पाळावी लागते: त्याआधीच्या पानांत त्या पात्राला ‘आम्ही’ वापरू द्यायचं नाही. खर्डा झाला की हा एक शब्द शोधून पाहावा.

दुसरं हत्यार नावाचं. प्रकाशचा पक्या, दिनेशचा दिन्या, मंदाची मंदी. हे रूप एकाच वेळी हिणवतंही आणि जवळही ओढतं. मित्र ज्याला आयुष्यभर पक्या म्हणत आला, त्याचा उल्लेख परक्यापुढे ‘प्रकाश’ असा झाला की वाचक सावध होतो. ‘पक्या कोण? प्रकाश म्हणायचं’ एवढ्या वाक्यात सगळी रेघ येते. उलटाही प्रकार आहे. पुण्याकडे टोचायला आदरार्थीच वापरतात. ‘या साहेब, झाली का झोप आपली?’ यात ‘साहेब’ ही शिवी आहे. अशा जोडीत परक्यासमोर तोच ‘साहेब’ खऱ्या आदराने वापरता येतो. शब्द बदलायची गरज पडत नाही, वजन बदलतं.

शिवी कुठल्या गावची आहे हेही बघावं लागतं. मालवणीतलं ‘मेल्या’, विदर्भातला ‘बे’, कोल्हापूरकडचं ‘मर्दा’ हे शब्द आपापल्या मातीत माया घेऊन येतात. सांगली-कोल्हापुरात आई मुलाला लाडाने जे म्हणते ते ठाण्याच्या सोसायटीत उच्चारलं तर भांडण होईल. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या तोंडी उसनं ‘काय बे’ घातलं, तर वाचकाला आधी लेखक दिसतो, पात्र नंतर. कुठलाही प्रदेश नक्की नसेल तर ‘गाढवा’, ‘माठ’, ‘लेका’ पुरेत. ‘लेका’ हा शब्द तर या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. रागातही चालतो, कौतुकातही.

पण शिवीपेक्षा टोमणा जास्त कामाचा. शिवी कोणीही कोणालाही देऊ शकतो. नेमका टोमणा मारायला समोरच्याला वर्षानुवर्षं बघितलेलं असावं लागतं. टोमण्यातून प्रेम सांगायचं तर ते या माहितीतून सांगता येतं. म्हणून लिहायला बसण्याआधी ज्याला टोचायचं त्याच्या दोनच सवयी ठरवाव्यात. दहा नकोत. दर वेळी नव्या विषयावर टोमणा मारणारा विनोदी लेखक वाटतो. त्याच दोन गोष्टींवर पुन्हा पुन्हा येणारा मित्र वाटतो. अडीच हजार शब्दांच्या कथेत असे तीन ते पाच टोमणे पुरतात. पहिला सविस्तर, दुसरा त्याच धाग्यावर, तिसरा एका शब्दाचा. तिसऱ्यापर्यंत वाचकाला सांकेतिक भाषा कळलेली असते, म्हणजे वाचकही रेघेच्या आत आलेला असतो. परक्याचा प्रवेश त्यानंतरच, साधारण दीड हजाराव्या शब्दाच्या आसपास. पाचशेव्या शब्दाला आणला तर त्याने काय ओलांडलं ते कोणालाच कळत नाही.

उदाहरण घडवून बघू. पोळी-भाजी केंद्र. शालन आणि मंदा, दोघी पहाटे पाचपासून लाटतायत. मंदाच्या पोळीची एक कड नेहमी जाड राहते.

‘मंदे, पोळी लाटतेस का महाराष्ट्राचा नकाशा काढतेस? विदर्भ जाड राहिला बघ.’

‘जाड कातडीला जाड पोळी. खा गुमान.’

टोमणा दुहेरी आहे, मंदाही तयार आहे. पुढचा टोमणा ‘आज कोकण करपलं’. त्याच्या पुढचा नुसता ‘विदर्भ!’. या तिन्हींच्या मधे कुठेतरी एक न बोललेली कृती पेरायची. परातीतलं पीठ मळायची पाळी मंदाची असते, आणि शालन काही न बोलता परात आपल्याकडे ओढते. कारण मंदाचं मनगट दुखतं. पोळीची कड जाड राहते तीही त्यामुळेच, उजव्या हाताचा जोर पडत नाही. हे कारण वाचकाला कृतीतूनच कळू द्यावं. निवेदकाने ‘वरून बोलत असली तरी शालनचा जीव होता तिच्यावर’ असं लिहिलं की कथा तिथेच संपली.

मग गिऱ्हाईक येतं. चारशे पोळ्या न्यायला आलेले गृहस्थ, पुढच्या आठवड्यात दीडशे पानांचा साखरपुडा आहे, तीही ऑर्डर इथेच द्यायचा विचार. डब्याचं झाकण उघडून ते म्हणतात, ‘ही बाई नवीन आहे का? नकाशे लाटलेत नुसते.’

‘साहेब, चारशे भरल्या?’

‘भरल्या.’

‘एक तरी कच्ची निघाली?’

‘कच्ची नाही हो, पण...’

‘मग झाकण लावा, वाफ जातेय. आणि ह्यांना मंदाताई म्हणतात.’

इथे शालन काय बोलत नाही ते बघा. पोळ्या गोल आहेत असं खोटं बोलत नाही. आणि मंदाचं मनगट दुखतं हेही सांगत नाही. नवशिक्या लेखकाचा हात हमखास इथे घसरतो: ‘तिला काय त्रास आहे तुम्हाला माहितीये का?’ असं शालनच्या तोंडी घालायचा मोह होतो. पण मंदाचं दुखणं परक्यापुढे उघडं केलं की शालनने तिला वाचवलं नाही, दयेला लावलं. आतली गोष्ट आतच ठेवणं हा बाजू घेण्याचाच भाग आहे. बचाव नेहमी परक्याच्या चुकीवर उभा करावा, मित्राच्या अडचणीवर नको. रॉन हेच करतो.

किंमत म्हणजे साखरपुड्याची ऑर्डर जाते. किंमत फार मोठीही नको. शालनची नोकरी घालवली तर कथा नोकरीची होते. थोडं, मोजता येण्यासारखं, लगेच जाणवणारं नुकसान हवं.

गृहस्थ गेल्यावर काय? इथे मिठी नको आणि ‘थँक्यू’ तर नकोच. शालन म्हणेल, ‘पीठ घे पुढचं. आणि विदर्भाकडे जरा जोर लाव.’ टोमण्याकडे परतल्यावरच वाचकाला खात्री पटते की काही तुटलं नाही. टोमणा परतला नाही तर नातं बदललं असा अर्थ होतो, आणि कधीकधी लेखकाला तसंच हवं असतं: टोमणा नेमका या वेळी न येणं हा मोठा धक्का असू शकतो. पण मग तो ठरवून वापरावा, विसरून नव्हे.

परका कसा असावा, यावर बहुतेक जण कमी विचार करतात. तो दुष्ट असला की बचावाला काही किंमत उरत नाही, दुष्टाच्या विरुद्ध कोणीही उभं राहतं. परक्याचं म्हणणं निम्मं तरी खरं हवं. याचं सगळ्यात धीट उदाहरण महाभारताच्या वनपर्वात आहे, घोषयात्रेच्या कथेत. पांडव वनवासात द्वैतवनात आहेत. गुरं मोजायला जातो अशी सबब सांगून दुर्योधन तिथे येतो, खरा हेतू आपलं वैभव दाखवून त्यांना खिजवण्याचा. तिथे चित्रसेन गंधर्वाशी त्याची गाठ पडते. लढाईत कर्णाचा रथ मोडतो, तो विकर्णाच्या रथातून निघून जातो, आणि दुर्योधन बायकांसकट कैद होतो. त्याची माणसं रडत युधिष्ठिराकडे येतात. भीमाला उकळ्या फुटतात. आपण हत्ती-घोडे जमवून जे करायचं ते गंधर्वांनी परस्पर केलं, असं तो बोलून दाखवतो. ही वेळ असं बोलायची नाही, भाऊबंदांत भांडणं होतातच, पण परक्याने कुळावर हात टाकलेला चालणार नाही, असं युधिष्ठिर सांगतो. आपसांत आम्ही पाच आणि ते शंभर, पण परक्याशी गाठ पडली की आम्ही एकशे पाच. ‘वयं पञ्चाधिकं शतम्’ हे शब्द याच प्रसंगाशी जोडले जातात. स्वतः यज्ञात बसलेला असल्यामुळे तो चौघा भावांना पाठवतो, त्यात भीमही आला.

यात मैत्री नाही, उघड वैर आहे. तरी रचना तीच आहे, आणि लेखकाने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे परका बरोबर आहे. दुर्योधनाचा हेतू वाईटच होता, त्याला धडा शिकवायला चित्रसेन इंद्राच्या सांगण्यावरून आलेला असतो, आणि तो अर्जुनाचा मित्रही आहे. म्हणजे रेघ ओढताना अर्जुन मित्राच्या विरुद्ध आणि शत्रूच्या बाजूने उभा राहतो. दुसरी गोष्ट सुटकेनंतरची. दुर्योधन आभार मानत नाही. ज्यांना हिणवायला आलो त्यांनीच सोडवलं, ही लाज सहन न होऊन तो प्रायोपवेशनाला बसतो, अन्नपाणी सोडून मरायला निघतो. बचाव झालेल्या माणसाला बचाव आवडेलच असं नसतं. मंदाला राग येऊ शकतो: ‘माझं मला बोलता येत होतं.’ हा राग लिहिणारे लेखक फार थोडे, आणि त्यांच्या कथा लक्षात राहतात.

टोमणे खाणाऱ्या पात्राकडे एकूणच दुर्लक्ष होतं. सगळा प्रकाश टोमणे मारणाऱ्यावर, दुसरा नुसता भिंतीसारखा. त्याला किमान एक टोमणा असा द्यावा, जो पहिल्याला खरंच लागतो. कुठपर्यंत बोलायचं नाही हे दोघांनाही माहीत असलेलं हवं. लिहिणाऱ्याने ते कागदावर मांडून ठेवावं: हा त्याला काय बोलतो, आणि भांडणाच्या शिगेलाही काय बोलणार नाही. दुसरी यादी कथेत कुठेही न येता कथेला धरून ठेवते. जात, रंग, मूल नसणं, मेलेले आईबाप, गरिबी हे विषय बहुतेक वेळा दुसऱ्याच यादीत पडतात. जातीवरची ‘मित्रामित्रांतली चेष्टा’ लिहिताना विशेष जपावं. उलट टोमणा मारायची ताकद ज्याच्याकडे समाजाने ठेवलेलीच नाही, त्याच्यासाठी ती चेष्टा दुहेरी होतच नाही, आणि शेवटच्या पानावर केलेला बचाव ते नुकसान भरून काढत नाही.

याहून घातक गोष्ट म्हणजे मालकी. ‘याला मारायचं तर मीच मारणार’ हे वाक्य इतकं वापरून झालंय की त्याचा अर्थ तपासायचं कोणाला सुचत नाही. नायिकेला सतत हिणवणारा नायक, रस्त्यावर कोणी तिची छेड काढली की चारजणांना झोडपतो, आणि ते प्रेम म्हणून खपतं. तपासायची एक साधी रीत आहे. बचावाचा प्रसंग झाकून उरलेली कथा वाचावी. तेवढ्यात ते दोघं एकमेकांजवळ का राहतात हे पटलं, तर पात्र ठीक आहे. नाही पटलं, तर बचावाचा प्रसंग लाच म्हणून लिहिला गेलाय.

आणि ते स्पष्टीकरणाचं वाक्य: ‘मी त्याला काहीही बोलेन, तुम्ही बोलायचं नाही.’ जवळपास प्रत्येक पहिल्या खर्ड्यात हे सापडतं. काढून टाकावं. प्रसंग नीट असेल तर त्याची गरज नसते, प्रसंग फसला असेल तर ते वाचवत नाही.

बचाव समोरच्याला कळायलाच हवा असंही नाही. १९९७ पासून चाललेल्या ‘वन पीस’ या एइचिरो ओदाच्या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, एकाच जहाजावरचे झोरो आणि सांजी एकमेकांना नावाने हाक मारणं जवळजवळ टाळतात. झोरोच्या हिरव्या केसांवरून सांजी त्याला शेवाळाचा गोळा म्हणतो, झोरो सांजीच्या वळणदार भुवईवर घसरतो. त्यातल्या थ्रिलर बार्क नावाच्या भागात कुमा हा शत्रू त्यांच्या कप्तानाचं डोकं मागतो. झोरो त्याऐवजी स्वतःचं देऊ करतो. सांजी मधे पडून म्हणतो, याला सोड, मला ने. झोरो तलवारीच्या मुठीने त्याला बेशुद्ध पाडतो आणि कप्तानाच्या सगळ्या वेदना एकटा सोसतो. शुद्धीवर आलेल्या सांजीला तो रक्ताच्या थारोळ्यात उभा दिसतो, काय झालं विचारल्यावर उत्तर येतं: काही झालं नाही. दोघांनी एकमेकांसाठी जीव पुढे केला, आणि पुढे त्यावर आपसांत गळाभेट नाही. पुढची भांडणं पूर्वीसारखीच.

मोठ्या कथेत किंवा कादंबरीत रेघ हलवता येते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वांत फळणारं काम ते आहे. टोळक्यात नवा मुलगा येतो. सगळे पक्याला ‘माठ’ म्हणतात हे ऐकून तोही दुसऱ्याच दिवशी म्हणतो. एकदम शांतता. कोणीतरी विषय बदलतं. शंभर पानांनंतर तोच मुलगा पुन्हा ‘माठ’ म्हणतो आणि पक्या त्याच्या पाठीत गुद्दा घालून चहा पुढे सरकवतो. तो आत आला, हे सांगायला एकही जास्तीचं वाक्य लागत नाही. घरात आलेली नवी सून, दुसऱ्या गावाहून बदलून आलेला शिक्षक, सगळ्यांना हे लागू पडतं. फक्त पहिल्या शांततेच्या वेळी वाचकाला पुरेसं अवघडायला लावलेलं हवं.

एकांकिकेत हाच प्रकार जास्त नाजूक होतो, कारण तिथे टोमण्यावर प्रेक्षक हसतात. ते हसू वाया घालवू नये. शालनच्या ‘नकाशा’वर प्रेक्षक दोनदा हसलेले असले, की गिऱ्हाइकाच्या तोंडून तोच शब्द आल्यावर त्यांना स्वतःचं हसणं आठवतं. स्नेपच्या तासाला सगळा वर्ग त्याच्याकडे रागाने बघतो, आणि तिथेही प्रत्येकाने कधी ना कधी हर्मायनीला तेच म्हटलेलं असतं. तालमीत गिऱ्हाइकाचं काम करणारा नट हा शब्द खवचटपणे, दाबून म्हणायला जातो. तसं केलं की प्रेक्षक सवयीने तिसऱ्यांदा हसतात आणि प्रसंग हातचा जातो. त्याला तो शब्द साध्या, व्यवहारी आवाजात म्हणू द्यावा, डब्यात बघत. त्यानंतर मनातल्या मनात दोन आकडे मोजेपर्यंत कोणीही हलायचं नाही. फक्त मंदाचं लाटणं थांबतं.